काढून ठेवलेले पाटे

मुलाणी मिस्त्रीने गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा विचारलं, "वाढवायचे न्हवं? काढायचेच?"

"काढायचेच," मी म्हणालो.

"हणमंता, पाटे वाढवा म्हणून लोक माझ्या दारात झोपायला येतात. काढा म्हणणारा तू पहिलाच गावलास."

त्याचं म्हणणं खरं होतं. पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची चळत असते, तिच्यावरच सगळं ओझं पेललं जातं. आमच्या घाटात विटा आणि सिमेंट चढवायचं म्हणून त्याच मुलाणीकडून मी दोन्ही अंगांना जादा पाटे घालून घेतले होते. त्यामुळे माल भरला की गाडी सपाट दिसायची आणि मोकळी असली की अंड्यावरून उठलेल्या कोंबडीसारखी मागून वर. मोकळी गाडी खड्ड्यात गेली की मागचा सगळा भाग उडायचा. पाठीमागे टाकलेली पहारसुद्धा हातभर वर यायची.

"खाली घेऊन करणार काय? पेशंट न्यायचा?"

"तिरडी न्यायची आहे. आमच्या गेनूनानांची."

मुलाणीने हातातला पाना खाली ठेवला. "गेले व्हय? कवा?"

"अजून आहेत," मी म्हणालो.

त्याने पाना परत उचलला. मग तो गाडीखाली सरकला.

आमची कारळवाडी पाटणच्या वर, डोंगराच्या कुशीत. कुशीत म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, खरं तर डोंगराने काखेत दाबून धरलेली. तरणी माणसं मुंबईला गेली, काही पुण्याला. उरले ते म्हातारे आणि मी. आई लवकर गेली, घरात आबा एकटे, म्हणून मी राहिलो. पिकअप घेतली आणि घाट चढत-उतरत राहिलो. वाडीतल्या सगळ्यांची औषधं, बियाणं, दळण आणि मुंबईहून आलेल्या पिशव्या माझ्याच गाडीने यायच्या. सगळे मला हणमा म्हणायचे आणि त्या हाकेमागे नेहमी एखादं काम असायचं.

स्मशान खाली नदीला. पायवाटेने खांद्यावरून न्यायची रीत. वाटेत विसाव्याचा दगड आहे, तिथे खांदेकरी बदलतात. पण बदलायला दुसरे चौघे असायला हवेत ना. आदल्या पावसाळ्यात शिरपाकाका गेले तेव्हा पहिलेच चौघे कसेबसे जमले आणि विसाव्याच्या अलीकडेच आमच्या आबांचा पाय घसरला. तिरडी कलली आणि शिरपाकाका बांधलेल्या दोऱ्यातून अर्धे बाहेर आले. त्यानंतर वाडीने ठरवलं की यापुढे हणमाच्या गाडीतून, रस्त्याने न्यायचं.

मग केराकाकी गेली. माझी गाडी मागून उंच, तिच्यात तिरडी चढवतानाच म्हाताऱ्यांच्या तोंडाला फेस आला. आणि रस्ता म्हणजे नुसते दगड. मी पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने चाललो होतो, तरी प्रत्येक दगडाला मागून धाड आवाज यायचा. सोबत बसलेली माणसं तिरडी दाबून धरायची आणि ती त्यांच्यासकट उडायची. एकदा तर शिंकाळ्यातलं विस्तवाचं मडकं आडवं झालं. नदीवर पोचलो तेव्हा काकीच्या तोंडावरचं फडकं सुटलं होतं आणि कपाळाला खोक पडली होती. मेलेल्या माणसाला खोक पडली तर रक्त येत नाही हे मी त्या दिवशी पाहिलं. कोणी मला बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

थंडीत गेनूनानांनी अंथरूण धरलं. हे आबांचे चुलतभाऊ, लहानपणापासूनचे सोबती. एकमेकांच्या तंबाखूवर दोघांचं आयुष्य गेलं. एका संध्याकाळी नानांनी मला बोलावून घेतलं. आबाही तिथेच उंबऱ्यात बसले होते.

"हणमा, केरीला तू मेल्यावर बडीवलीस बग," नाना म्हणाले.

मी मान खाली घातली.

"तुजा दोस न्हाई. गाडी उडती. मला सांग, ती उडू ने म्हनून काय करता येतं का?"

मी त्यांना पाट्यांचं सांगितलं. जादा पाटे काढले तर गाडी मागून चार-पाच बोटं खाली बसेल आणि मऊ पडेल.

"मग काड. मला एकदा नीट पोचीव. मी गेलो की परत घाल आन् जा तू कराडाला. म्या काय लई दिस घेत न्हाई."

कराडचं त्यांना माहीत होतं, सगळ्या वाडीला माहीत होतं. एका डेअरीला गावोगावचं दूध गोळा करायला गाडी हवी होती आणि तिथल्या सुपरवायझरने मला महिन्याच्या पहिल्या सोमवारी पहाटे गाडी घेऊन यायला सांगितलं होतं. मी कराडात खोलीही बघून ठेवली होती. खोली हवी होती ती उज्ज्वलासाठी. उंब्रजची मुलगी, मी दोनदा बघितलेली. पहिल्या वेळेला ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या वेळेला तिने विचारलं, "तुमच्या वाडीत रात्री दिवे किती घरांत लागतात?" मी खरं ते सांगितलं, आठ-नऊ. ती हसली नाही, नाकही मुरडलं नाही. फक्त म्हणाली, "मग तुम्ही बोलता कुणाशी?" ते मला इतकं लागलं की मी तिच्या प्रेमातच पडलो म्हणा ना. तिच्या वडिलांचं म्हणणं साधं होतं. कराडात राहणार असाल तर मुलगी देतो, डोंगरात देत नाही.

आबांना मी विचारलं होतं, तुम्हीही चला. ते म्हणाले होते, बघू. आबांचं बघू म्हणजे नाही, हे मला कळायचं. तरी मी जाणार होतो. सोनाआत्या, म्हणजे आबांची विधवा बहीण, शेजारच्या घरात होती, तीच आम्हा दोघांच्या भाकरी थापायची. ती आबांकडे बघेल, मी आठवड्याला येऊन जाईन, असं मी स्वतःला समजावलं होतं.

तेव्हा नानांना नाही म्हणायचं कारणच नव्हतं. तासा-दोन तासांचं काम. काढायचे आणि परत घालायचे.

मुलाणीने काम चोख केलं. जॅकवर गाडी उचलली, बोल्ट सोडले, चळत उलगडली आणि जादा पाटे एकेक करून बाहेर काढून ठेवले. गाडी जॅकवरून उतरवली तशी ती मागून सावकाश खाली बसली. मला ते बरं वाटलं नाही. कमरेत वाकलेल्या माणसासारखी दिसायला लागली.

"पाटे नीट ठेव," मुलाणी म्हणाला. "तुझ्या गाडीच्या मापाचे मी घासून बसवलेत. असे तयार मिळत नाहीत. आणि तोवर ओझं भरू नको, मूळचे पाटे आता दमलेत."

मी ते गोणपाटात बांधून घरी आणले आणि पडवीत, कणगीच्या मागे सरकवून ठेवले. आबा बघत होते. त्यांनी गोणपाट उचलायला हातही लावला.

नानांनी खरंच जास्त दिवस घेतले नाहीत. सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी ते गेले. माणूस शब्दाला जागला असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो.

आमच्याकडे सरणाला प्रत्येक घराने आपल्या घरचं लाकूड द्यायचं असतं. पूर्वी ओंडके यायचे, आता म्हाताऱ्यांच्या हाताला जेवढं तुटेल तेवढं, म्हणजे फांद्याच. त्या दिवशी मात्र लाकूड पटापट तुटलं. घरोघर नवे कोयते दिसत होते. आमच्याही दारात एक होता. मी त्यानेच आमच्या बांधावरचा वाळका किंजळ तोडला. पहिल्या घावात पातं आत गेलं. तोडता तोडता मी आबांना म्हणालो, पोलाद झकास आहे, कुठून आणला? आबा तिरडीचे बांबू बांधत होते. ते म्हणाले, दशरथ लोहारानं केल्यात. मी परत घाव घालायला लागलो.

नानांना आम्ही सहज चढवलं. गाडीचा मागचा फळका पाडला, तर तो आता म्हाताऱ्यांच्या कमरेच्या जरासाच वर. आबांनी डोक्याकडचा भाग धरला होता, त्यांनाही जड गेलं नाही. रस्त्यात मी सारखा मागे बघत होतो. तिरडी हलत होती, पण उडत नव्हती. मडक्यातला धूर सरळ वर जात होता. नदीवर पोचल्यावर सोबतच्या म्हाताऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, जाताना आपण एक चांगलं काम करून जातोय.

रविवारी सावडून आलो, आंघोळ केली आणि पाटे काढायला कणगीमागे हात घातला. रिकामं गोणपाट हाताला आलं, नीट घडी घातलेलं.

आबा अंगणात बसले होते. मी विचारलं, पाटे कुठायत?

"कंचं पाटं? त्ये व्हय," ते म्हणाले. "त्ये दिलं की दशरथ लोहाराला. त्येचंच तर कोयतं केलं, घरटी एक."

आता यात न समजण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे गाडीचा पाटा कुठे पडलेला दिसला की लोकांना त्यात कोयताच दिसतो. पाट्याच्या पोलादाचा कोयता तीन पिढ्या झिजत नाही, त्याच्यासाठी लोक भंगारवाल्यांच्या पाया पडतात. काढून ठेवलेले पाटे म्हणजे मोडीतले, असं कोणाही म्हाताऱ्याला वाटलं असतं. मी ओरडलो, पुष्कळ ओरडलो. परत घालायचेत हे नानांच्या घरी तुमच्यासमोर ठरलं होतं, हेही म्हणालो. आबा म्हणाले, माझं ध्यान नव्हतं. गाडीतलं मला काय कळतंय. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मलाच लाज वाटली. सोनाआत्या तिच्या दारात उभी राहून ऐकत होती, ती आत निघून गेली.

मी तसाच पाटणला गेलो. मुलाणीने कपाळाला हात लावला. उद्या कराडचं दुकान उघडल्यावर पाटे आणून, घासून बसवायला संध्याकाळ होईल म्हणाला. मला तर पहाटे पोचायचं होतं.

सोमवारी पहाटे मी ती वाकलेली गाडी घेऊन डेअरीच्या फाटकात उभा राहिलो. वाटलं, पहिला दिवस निभावून नेऊ. सुपरवायझर भला माणूस होता. त्याने भरलेले कॅन चढवायला सांगितले. अर्धे कॅन चढेपर्यंत गाडी मागून खालच्या रबरी ठोकळ्यांवर जाऊन टेकली. पुढे घेतली तर टायर घासून जळका वास आला. त्याने हात करून थांबवलं. "पाव्हणं, ही गाडी काय दूध ओढती? ही नवरी बसवायची गाडी केलीय तुम्ही." हमाल हसले. फाटकाबाहेर आणखी गाड्या टपलेल्याच होत्या. माझे कॅन माझ्या डोळ्यांसमोर दुसरीत चढले.

नवे पाटे करून दोन दिवसांनी येतो असं मी त्याला सांगितलं. त्याने बघू म्हटलं. ते बघूही मला कळलं.

उज्ज्वलाच्या वडिलांनी थोडी वाट बघितली. मग वैशाखात तिचं लग्न झालं, इस्लामपूरला. तिच्याकडे दिवे पुष्कळ लागत असतील.

पाटे नंतर कधीही घालता आले असते, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणायचो. पण घालायला निघालो की वाडीतलं कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असायचं. बाबूतात्याचं काय खरं नाही, तेवढं होऊ दे. मग ठकूआजी. मग ठकूआजीचा भाऊ. ज्यांना मी पोचवायचो त्यांची मुलं दहाव्याला मुंबईहून यायची आणि माझे हात धरून म्हणायची, तू होतास म्हणून. मी होतो, खरंच. गाडी हलका माल ओढायची आणि मधूनमधून एकेका घराचा दिवा. शेवटी आबा गेले. त्यांनाही मी त्याच गाडीतून नेलं आणि त्यांचं लाकूड त्यांच्याच कोयत्याने तोडलं. पातं तोवर जराही झिजलं नव्हतं.

वाडीत सोनाआत्या आणि मी राहिलो. तिचे पाय गेले होते. आता भाकरी मी थापायचो आणि ती खाटेवरून नावं ठेवायची. एका दुपारी ती म्हणाली, खाटेखाली हात घाल, भिंतीच्या कडेला.

मी हात घातला. चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी लांब, जड होतं. सोडून बघितलं तर पाटा. माझ्या गाडीचा. मुलाणीच्या घासण्याच्या खुणा तशाच होत्या आणि तिने त्याला तेल लावून ठेवलं होतं.

"माज्या वाट्याचा हाय," आत्या म्हणाली. "म्या कोयता करू दिला न्हाई."

मी विचारलं, का? तिने आधी पाणी मागितलं, प्यायली.

"हणमा, दादाची चूक न्हवती झाली. केरीला नेऊन आल्यावर समदी गेनूच्या पडवीत बसली हुती. तू कराडाला जानार ही बातमी तवाच आलेली. गेनू म्हनला, त्येला अडीवला तर ऐकायचा न्हाई. मी मागतो. मरनाऱ्याला कोन न्हाई म्हनत न्हाई. पाटं एकदा खाली आलं की फुडचं कोंडीबा बगंल."

कोंडीबा म्हणजे आमचे आबा.

"घरटी एक वाटला, म्हंजी कुनी एकानं केलं असं व्हायला नगं. समद्यांनी घेतलं. म्याबी घेतला, पर मोडवंना."

मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, पण तो येईना. ज्यांच्यावर रागवायचं ती सगळी माणसं मी माझ्या हातांनी, न उडवता, नदीवर पोचवली होती. गेनूनानांची तिरडी उतरवल्यावर पाठीवर पडलेले ते हात मला आठवले. म्हातारे मला निरोप देतायत असं वाटलं होतं मला.

"ह्यो बशीव आन् जा आता," आत्या म्हणाली.

"एका पाट्यानं गाडी एका अंगाला कलते आत्या."

"बाकीचं नवं घाल. पर जा. अजून तुजं वय हाय."

माझं काय वय राहिलं होतं ते तिला आणि मला दोघांनाही दिसत होतं. पण मी ते बोललो नाही. माझ्या तोंडून दुसरंच गेलं.

"मी गेलो तर तुला कोण नेणार?"

आत्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"त्येच," ती म्हणाली. "त्येच गेनू म्हनला हुता."

होळीच्या आधी ती गेली. तिरडी उचलायला मी खालच्या गावातून तिघांना बोलावून आणलं. वाडीच्या वतीने लाकूड एकाच घरचं होतं. फळका पाडला, तिला चढवलं, आणि तिच्या वाट्याचा तो पाटाही तिच्या कडेला ठेवला. जाताना गाडी एकदाही उडली नाही.

ती माणसं नदीवरूनच आपल्या वाटेने गेली. येताना गाडी मोकळी होती. तो एकटा पाटा वाडी येईपर्यंत मागे वाजत राहिला.